सिस्टर, त्यांना सांगा

डॉ. सुरुची तळपदे आणि डॉ. देवदत्त नवलकर एकमेकांशी बोलत नाहीत, हे परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅन्टीनवाल्यापासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरीही आठवड्यातले निम्मे दिवस दोघं एकाच ऑपरेशन थिएटरात, एकाच पेशंटच्या दोन टोकांना उभी असायची. देवदत्त हाडांचा सर्जन, सुरुची भूल देणारी डॉक्टर. मध्ये एक हिरवं कापड आडवं टांगलेलं. त्याच्या अलीकडे तिचं राज्य, पलीकडे त्याचं.

खरं तर दोघं एकाच कॉलेजची, एकाच बॅचची. अरे-तुरेतली. सुरुचीच्या लग्नात देवदत्तने पंगतीत वाढलं होतं. मग पावसाळ्याच्या आसपास एक केस झाली. पेशंट टेबलावर घेतलेला, आणि त्याचं ब्लडप्रेशर काही केल्या खाली येईना. सुरुचीने केस रद्द केली. देवदत्त सगळ्या स्टाफसमोर ओरडला, "तुला भूल द्यायची नसली ना, की तुला बीपी दिसतं!"

सुरुचीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "आणि तुला पेशंट दिसतच नाही. तुला नुसतं हाड दिसतं."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी एकाने "जाऊ दे रे" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण तिला वाटलं त्याने म्हणावं, आणि त्याला बहुधा वाटलं तिने. त्या दिवसापासून 'तू' गेलं आणि थिएटरात एक नवीन भाषा सुरू झाली.

"सिस्टर, डॉक्टर तळपदेंना सांगा, मी सुरू करतोय."

"सिस्टर, त्यांना सांगा, पाच मिनिटं थांबा."

सिस्टर म्हणजे प्रिती परब. लालबागची, तोंडाने फटकळ, हाताने चलाख. सुरुवातीला तिला गंमत वाटायची. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसांचे निरोप ती टपाल वाटल्यासारखी वाटायची आणि चेंजिंग रूममध्ये मैत्रिणींना म्हणायची, "ह्यांचा काय करूचा, सांगा बघू!" हळूहळू गंमत संपली आणि तो रोजच्या कामाचाच एक भाग झाला. सुरुचीलाही त्याची सवय झाली. इतकी, की देवदत्तचा आवाज कानावर पडला तरी ती तो आत घेईनाशी झाली. प्रिती सांगेल तेव्हा ऐकायचं. लांबून बँडचा आवाज यावा आणि आपण आपलं काम करत राहावं, तसं.

त्या बुधवारी सकाळची केस होती आनंदीबाई सावंत यांची. बाई ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या. गोदीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलेलं, आता चिंचपोकळीला मुलाकडे राहायच्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा, अशी शस्त्रक्रिया. मुलगा अवधूत बँकेत नोकरीला. सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसला होता. सोबत बिल्डिंगमधले चार-सहा जण आले होते, कारण रक्त लागलं तर असावं म्हणून त्यानेच बोलावलं होतं.

पण सकाळी अपघाताची एक केस आली आणि आनंदीबाईंचा नंबर मागे गेला. हे कुणी अवधूतला सांगितलं नाही. आत सगळ्यांना वाटलं, वॉर्डातून सांगितलं असेल. वॉर्डाला वाटलं, थिएटरमधून सांगतील. अवधूत आपला समजत होता की आईचं ऑपरेशन नऊ वाजल्यापासून चालू आहे. जेवणाची वेळ झाली तरी दार उघडेना, तसा त्याचा जीव वरखाली व्हायला लागला.

आत मात्र आनंदीबाई मजेत होत्या. त्यांना कमरेखालीच बधिर केलं होतं, त्यामुळे जाग्या होत्या. एका कुशीवर झोपवलेल्या, तोंड सुरुचीकडे. पलीकडून हातोडीचा आवाज आला.

"काय गं बाई, सुतारकाम चाललंय का?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच चाललंय, आजी. नवीन सांधा बसवतायत."

"बसवू दे. पण मांडी घालून बसता येईल ना मला?"

"मांडी नाही हं. खुर्चीत बसायचं आता, महाराणीसारखं."

आनंदीबाई हसल्या. मग भाचीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगायला लागल्या. नवरा मुलगा परदेशात असतो, आणि मुलीच्या आईला ते पसंत नाही, असं काहीसं. सुरुची त्यांच्या खांद्यावरची गरम चादर सारखी करायला वाकली. त्याच वेळी पलीकडे देवदत्त म्हणाला, "सिस्टर, सांगा त्यांना, सिमेंट घालतोय."

हे सिमेंट म्हणजे हाडाच्या पोकळीत धातूचा सांधा पक्का रोवण्यासाठी घालायचा एक मसाला. ते आत दाबताना म्हाताऱ्या माणसाचं प्रेशर एकाएकी कोसळू शकतं. म्हणून सर्जनने ते घालण्याआधी भूल देणाऱ्याला सांगायचं आणि त्याने आधीच तयारीत राहायचं, असा शिरस्ता. देवदत्तने सांगितलं होतं. पण सांगितलं प्रितीला. प्रिती त्या क्षणी सिमेंट कालवत होती. ते घट्ट व्हायच्या आत द्यायचं असतं, म्हणून तिचं सगळं लक्ष भांड्यात. शिवाय तिला वाटलं, मॅडम हाताच्या अंतरावर उभ्या आहेत, त्यांनी ऐकलंच असणार. आणि सुरुचीने आवाज ऐकला, शब्द ऐकले नाहीत.

"...मी तिला म्हटलं, अगं मुलगी सुखी असली की—" आनंदीबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

सुरुचीला वाटलं, दम लागला असेल. तिने खाली पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले होते आणि ओठांचा रंग उतरला होता. त्याच वेळी मॉनिटरचा टिकटिक सूर एकेक पायरी खाली उतरायला लागला. प्रेशरचा आकडा यायचा तिथे नुसत्या रेघा आल्या.

"देवदत्त!" ती ओरडली. "काय केलंस आत्ता?"

पलीकडे सगळं थांबलं.

"सिमेंट. सिमेंट घातलं. सांध्याचा दांडा बसवलाय." आणि मग गोंधळून, "सांगितलं ना मी!"

"प्रेशर गेलंय. दांडा धरून ठेव, दुसरं काही करू नकोस. सिमेंट पकडेपर्यंत फक्त धर."

"धरलाय."

तिने मास्क आनंदीबाईंच्या तोंडावर दाबला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, दुसऱ्या हाताने औषध दिलं. मानेवर बोटं ठेवली. नाडी लागत होती, पण अशी, की लागतेय म्हणावं की नाही. तिने बाजूच्या थिएटरमधून दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलवायला सांगितलं. प्रितीच्या हाताखालची नर्स पळत बाहेर गेली आणि त्या डॉक्टरांना घेऊन पळत आत आली.

"सुरुची, उताणं करायचं का? छाती दाबायला लागणार असेल तर मी ही बाजू सोडतो."

"तयार राहा. अजून नको. ॲड्रेनलिन देतेय."

"दांडा पक्का झालाय. हात सोडू शकतो मी."

"थांब."

किती वेळ गेला ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. सगळ्या खोलीत फक्त ते दोघं बोलत होते, तुटक, एकेक शब्द, आणि कुणीही मध्ये नव्हतं. मग सुरुचीच्या बोटांखाली नाडीने एक टोला दिला. मग दुसरा. सूर पायरी पायरीने वर चढायला लागला. मॉनिटरवर आकडा आला. वाईट होता, पण आकडा होता.

"येतंय," ती म्हणाली. "येतंय रे."

कापडाच्या वरून देवदत्तचे नुसते डोळे दिसत होते. त्याने ते मिटले आणि उघडले. "सांधा आत सरकवून शिवायचं राहिलंय. तू म्हणशील तेव्हा."

"थोडं थांब, मी सांगते." आणि थोड्या वेळाने तिने सांगितलं.

शेवटचा टाका पडला तेव्हा आनंदीबाईंनी डोळे किलकिले केले आणि मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटल्या. सुरुचीने कान लावला. "तहान," एवढंच कळलं. सुरुची मागच्या स्टुलावर बसली. प्रिती कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होती.

"माझं चुकलं, मॅडम. मला वाटलं तुम्ही ऐकलंत."

"तुझं काही नाही चुकलं," सुरुची म्हणाली. "ते सांगणं मुळात तुझं कामच नव्हतं."

तेवढ्यात बाहेर धडधड सुरू झाली.

नर्स पळत गेलेली आणि दुसरे डॉक्टर पळत आत आलेले अवधूतने पाहिले होते. त्याने विचारलं तर सगळ्यांनी "थांबा, थांबा" एवढंच म्हटलं. आता तो दारावर मूठ आपटत होता. त्याच्या मागून आवाज येत होते: "आत काय लपवताय?", "बाहेर या कोणीतरी!" दरवाजाच्या काचेवर काहीतरी आदळलं आणि तिला आडवा तडा गेला. सुरक्षारक्षक दौलत आतून दाराला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात पसरून.

व्यवस्थापकांचा फोन आला. पेशंटला मागच्या लिफ्टने आयसीयूत हलवा. डॉक्टरांनीही मागूनच निघावं. वयामुळे झालं, एवढंच सांगायचं. बाकी ते बघून घेतील. पोलिसांना कळवलं आहे.

आनंदीबाईंना घेऊन दुसरे डॉक्टर लिफ्टकडे गेले. सुरुची दारापाशीच उभी राहिली. देवदत्तही. त्याने टोपी काढली होती, पण त्याचं पाऊल ना दाराकडे पडत होतं, ना लिफ्टकडे.

"तू जा मागून," ती म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

"आणि काय सांगणार?"

"जे झालं ते."

तो भिंतीला टेकला. "मागच्या हॉस्पिटलात मी असाच बाहेर गेलो होतो. एकटा. पेशंट गेला होता आणि मला सांगायचं होतं. त्याच्या भावाने खुर्ची घातली डोक्यात. हा डावा कान तेव्हापासून अर्धाच चालतो. त्यानंतर मी नातेवाइकांना भेटतच नाही. ज्युनिअरला पाठवतो."

सुरुची त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती समजत होती की हा माणूस उर्मट आहे म्हणून मोठ्याने बोलतो.

"कधी सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगायचं असतं हे?"

दारावर पुन्हा धडक बसली.

"एकटा नको जाऊस मग," ती म्हणाली. "दोघं जाऊ. आधी मी बोलते. दौलत, दार उघड. पण तू आमच्या शेजारी उभा राहा."

दार उघडलं तसे पाच-सहा जण एकदम पुढे आले. सुरुचीने सगळ्यात आधी तेच सांगितलं जे ऐकायला तो माणूस सकाळपासून तिथे बसला होता.

"अवधूत कोण? तुमची आई जिवंत आहे. शुद्धीवर आहे. आत्ता पाणी मागितलं त्यांनी."

अवधूतचा वर गेलेला हात तसाच राहिला. चेहरा वाकडा झाला आणि तो मटकन बाकावर बसला. मागचे बोलतच होते, पण आवाज उतरला होता.

सुरुची त्याच्या शेजारी बसली. "मी डॉक्टर तळपदे, भूल देणारी. हे डॉक्टर नवलकर, यांनी ऑपरेशन केलं. पहिलं म्हणजे, ऑपरेशन उशिरा सुरू झालं. आधी एक अपघाताची केस घ्यावी लागली. ते तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

"मी नऊपासून इथे बसलोय," अवधूत म्हणाला.

"दुसरं म्हणजे, ऑपरेशन चालू असताना त्यांचं ब्लडप्रेशर एकदम पडलं. जिवावर बेतलं होतं. आता सावरलंय, पण आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल."

"का पडलं?" मागून एक जाडसर माणूस पुढे आला. "काहीतरी चुकवलं असणार यांनी!"

सुरुची उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात देवदत्त बोलला. हळू आवाजात, थोडा पुढे वाकून.

"सांधा बसवताना आम्ही एक सिमेंट घालतो. त्याने प्रेशर पडू शकतं, हे आम्हाला माहीत असतं. म्हणून घालायच्या आधी मी यांना सांगायचं असतं. मी यांना थेट सांगितलं नाही, सिस्टरमार्फत सांगितलं. ते पोचलं नाही. तयारी आधीपासून असती तर इतकं कदाचित कोसळलं नसतं. पडायला लागल्यावर यांनी पकडलं, म्हणून आज आजी आहेत."

अवधूतने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"थेट का नाही सांगितलं?"

देवदत्तने सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीने मान डोलावली.

"आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "आम्ही बोलत नव्हतो."

"म्हणजे माझ्या आईच्या अंगावर उभं राहून तुम्ही दोघं अबोला धरून बसला होता?"

"हो."

जाडसर माणसाने शिवी हासडली आणि बाही वर सारली. दौलत पुढे सरकला. देवदत्त जागचा हलला नाही, पण सुरुचीला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"थांब रे," अवधूत म्हणाला. "सांगतायत ना ते. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सांगतंय." त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "मला राग आलाय, डॉक्टर. फार आलाय. तक्रार करणार मी. पण आधी आईला बघायचंय."

"चला," सुरुची म्हणाली. "आणि तक्रार करा. आम्ही दोघं असंच सांगू."

पोलीस आले तेव्हा बाकावर बसून बिल्डिंगमधली माणसं चहा पीत होती. हवालदाराने तडा गेलेली काच पाहिली, दौलतला दोन प्रश्न विचारले आणि तोही चहाला थांबला.

सुरुचीने अवधूतला शब्द दिला होता की तासातासाने ती स्वतः बाहेर येऊन सांगेल. ती आली. एकदा तर तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं, तेही तिने सांगितलं: "जसं होतं तसंच आहे. वाईट नाही, पण अजून पुढे सरकलेलं नाही." अवधूतने मान डोलावली आणि पहिल्यांदा डबा उघडून दोन घास खाल्ले. संध्याकाळी प्रेशर टिकवणाऱ्या औषधाचे थेंब कमी करता आले. मग आणखी कमी. दिवेलागणीला आनंदीबाईंनी मुलाला ओळखून "जेवलास का?" असं विचारलं, तेव्हा देवदत्त काचेपलीकडे उभा होता. तो आत गेला आणि त्याने स्वतःच अवधूतला पुढच्या चार दिवसांत काय काय होईल ते समजावून सांगितलं. अवधूत त्याच्या डाव्या बाजूला होता, म्हणून मध्येच त्याने जागा बदलून घेतली.

अवधूतने खरंच तक्रार केली. विश्वस्तांनी दोघांना बोलावलं. व्यवस्थापकांना वाटत होतं, शब्द जरा मऊ करावेत. पण दोघांनी एकच गोष्ट, एकाच पद्धतीने सांगितली. दोघांना लेखी समज मिळाली आणि ती रास्तच होती. थिएटरात मात्र त्यानंतर बरंच बदललं. सुरुवातीला सगळे आपापलं नाव सांगतात. काय करणार, कुठे धोका आहे ते मोठ्याने बोलतात. आणि सिमेंट कालवायच्या आधी देवदत्त हात थांबवतो, सुरुचीचं नाव घेऊन सांगतो, आणि ती "ऐकलं, तयार आहे" म्हणेपर्यंत पुढे जात नाही. बाहेर एक नर्स फक्त नातेवाइकांना माहिती द्यायला नेमली. पहिल्या आठवड्यात स्टाफला या सगळ्याचं हसू यायचं. प्रितीला यायचं नाही.

केस रद्द झाली त्या दिवसाबद्दलही ती दोघं बोलली, पुढच्या एका शनिवारी, कॅन्टीनमध्ये. "तू रद्द केलीस ते बरोबर होतं," देवदत्त म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं." सुरुची म्हणाली, "आणि हाडाचं मी जे बोलले ते बरोबर नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं." मग इडली आली आणि देवदत्तने मुलीच्या दहावीचं सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यापासूनच्या कितीतरी गोष्टी साठल्या होत्या.

आनंदीबाई वॉकर धरून वॉर्डभर चालायला लागल्या आणि दहाव्या दिवशी घरी गेल्या. अवधूतने टॅक्सी दारापर्यंत आणली होती. सुरुचीला पाहून तो थांबला. हसला नाही, पण हात जोडले आणि म्हणाला, "तासातासाने आलात, ते विसरणार नाही."

त्या दुपारी सुरुची लवकर निघाली. गिरगावात घरी पोचली तेव्हा सासूबाई, सुमतीताई, बोंबलाचं भुजणं गॅसवरून उतरवत होत्या. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"आज चेहरा बरा दिसतोय गं. गेले कित्येक दिवस तू जेवतेस की ताटाकडे बघतेस, कळत नव्हतं."

"भूक लागलीय," सुरुची म्हणाली.

ती दोनदा भात घेऊन जेवली. हात धुऊन खिडकीजवळच्या पलंगावर पाच मिनिटं म्हणून आडवी झाली आणि बाहेर भंगारवाला ओरडत असतानाच तिला झोप लागली. सुमतीताईंनी पंखा एकने कमी केला आणि दार ओढून घेतलं.